सगळ्यात लहान मॉडेल

अमरावतीच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता, काका,
अजून नऊ हजार टाका, वरचं मॉडेल न्या.
मी म्हटलं, कायले? घरचीच चार माणसं.
खोटं बोललो.
शनिवारी गावंड्यांकडं नवसाचं जेवण आहे,
एकशे दहा पानं,
आणि हिच्या पोटात एका वेळी
चौदा रोडगे मावतात.
पंधरावा ठेवला की झाकण रुसतं.

रात्री साडेबारा.
मी उताणा पडून भागाकार करतो.

तशी दिसायला चांगली आहे.
काळी, चार पायांची, दोन पायांना चाकं,
एका अंगाला दाण्यांची पेटी,
समोर काचेत लाल आकडे.
आणली त्या दिवशी निम्मं गाव अंगणात.
भास्कर इंगोले चष्मा पुसून पुसून वाचत होता,
एकशे ऐंशी. एकशे पंच्याऐंशी.
"ताप चढला म्हना बाप्पा पोरीले,"
मागून कोणीतरी म्हणालं.
सगळे हसले. मीही.

बटण दाबलं की आतली फिरकी
थोडे थोडे दाणे पुढं ढकलते,
पंखा फुंकतो.
म्हणजे फुंकणी घेऊन पंचफुलानं
बत्तीस वर्षं जे केलं
ते आता वीज करते.
असते तेव्हा.
पहिल्याच बुधवारी साडेसातला लाइन गेली.
आकडे विझले, पंखा थांबला.
झाकण उघडलं तर रोडगे
वरून तांबूस, आत नुसती कणीक,
अर्ध्या झोपेतून उठवलेल्या पोरांसारखे.
आम्ही ते गुपचूप काढून
गवऱ्यांच्या आरात पुरले.
कोणी काही बोललो नाही.
भास्कर बोलला.

पण सगळ्यात जास्त लागलं ते पोत्याचं.
वीस किलो, साडेसहाशे रुपये.
मागच्या बाजूला बारीक अक्षरात:
पऱ्हाटी, तुराटी, सोयाबीनचं कुटार.
माघात तो ट्रॅक्टरवाला आला होता,
"काका, फुकटात शेत साफ करून देतो" म्हणाला,
मी त्याला वरून चहा पाजला.
ती माझीच पऱ्हाटी
एमआयडीसीत जाऊन, दळून, दाबून,
बोटाच्या पेराएवढी होऊन घरी आली.
तळहातावर घेऊन पाहिली.
गुळगुळीत. ओळख दाखवेना.

वांगी भाजली. साल बरोबर सुटली.
लसूण, हिरवी मिरची, कांद्याची पात, सगळं तेच.
पहिला घास घेऊन पंचफुला थांबली.
"काय झालं?"
"काई नाई. दुसऱ्या कोनी केल्यावानी लागते."
मी म्हटलं, वापस करू? बिलावर पंधरा दिवस लिहिलेत.
ती पाण्याला उठली,
आणि तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं
की इतका वेळ ती खुर्चीवर बसली होती.
भाजायच्या जागेपाशी खुर्ची.
डोळे कोरडे. पदर नाकाला नाही, खांद्यावर.
"तुमचं तुमी पाहा," म्हणाली,
"मले काई तिचा तरास नाई."

आता यातून माणसानं काय समजावं?

खोका मी फेकला नव्हता.
थर्माकोलसकट गोठ्यात ठेवला होता,
मुदतीपुरता.
आज सकाळी पाहायला गेलो तर
आत खुडूक झालेली कबरी कोंबडी,
पिसं फुलवून बसलेली.
हात घातला, टोचली.
खाली अकरा अंडी.

आठ दिवसांत एक कोंबडी
अकरा अंडी घालत नाही.
एवढं मलाही कळतं.
पंचफुला तिकडं पाठ करून कांदे चिरत होती,
जरा जास्तच बारीक.

उबवायला एकवीस दिवस.
बिल पुन्हा काढून तारीख पाहिली,
घडी घालून पंचांगात ठेवलं,
आणि शनिवारच्या गवऱ्या सांगायला
भास्करकडं निघालो.
तो विचारणारच.
वाटेत उत्तर जुळवत होतो,
अजून जुळलं नाही.